‘आम्ही’ आणि ‘आपण’ : ॲन जडसनच्या ब्रह्मदेशातील पत्रांचे निवेदन

मिशनरी चरित्रे आणि मिशनरी पत्रे यांचे वाचन आजवर प्रामुख्याने दोन प्रकारांनी होत आले आहे. श्रद्धावंत वाचकाने त्यांत त्यागाचा आदर्श पाहिला; वसाहतोत्तर समीक्षेने त्यांत साम्राज्याच्या ज्ञानव्यवहाराचा एक दुवा पाहिला. दोन्ही वाचनांना आधार आहे आणि दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे : संहितेला दोघेही पुरावा म्हणून वापरतात. पुरावा म्हटला की तो कशाचा, एवढाच प्रश्न उरतो. तो कोणत्या आवाजात, कोणाला उद्देशून आणि कोणत्या क्षणी शब्दबद्ध झाला, हा प्रश्न मागे पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशात ख्रिस्ती मंडळी स्थापन करण्यासाठी गेलेल्या अ‍ॅडोनिरम आणि ॲन जडसन या तरुण अमेरिकन दांपत्यातील पत्नीची पत्रे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. त्यांचे बहुतांश लेखन प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठी वाचक मात्र ही पत्रे मनातल्या मनात मराठीत आणू लागताच अडखळतो, कारण प्रत्येक वाक्यापाशी त्याला ठरवावे लागते, की हे ‘आम्ही’ आहे की ‘आपण’.

हा केवळ भाषांतराचा अडथळा नव्हे. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९४६ च्या एका निबंधात दाखवले आहे, की प्रथमपुरुषाचे अनेकवचन ही अनेक ‘मीं’ची बेरीज नसते, ती एक ‘मी’ आणि जे ‘मी’ नाही असे काही, यांची जोडणी असते. हे ‘मी नव्हे’ म्हणजे ऐकणारा की बाहेरचा तिसरा कोणी, यानुसार जगातल्या कित्येक भाषा वेगवेगळी रूपे वापरतात. मराठीत हा भेद जिवंत आहे, गुजराती, तमिळ, तेलुगु या भाषांतही तो आहे, हिंदीत नाही. मराठीतील गुंतागुंत आणखी अशी, की ‘आपण’ हे ऐकणाऱ्याला सामावून घेणारे सर्वनाम आहे आणि तेच त्याला आदराने दूर ठेवणारे द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. ॲन जडसनच्या लेखनातले खरे नाट्य या भेदात दडलेले आहे, आणि ज्या भाषेत ती लिहीत होती त्या भाषेने ते झाकून ठेवले आहे.

चरित्राचे तपशील थोडक्यात आवश्यक आहेत. ॲन हॅसल्टाइनचा जन्म १७८९ साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रॅडफर्ड येथे झाला. तेथल्याच अकादमीत ती शिकली आणि पुढे शिक्षिका झाली. ५ फेब्रुवारी १८१२ रोजी तिचा अ‍ॅडोनिरम जडसनशी विवाह झाला. दुसऱ्या दिवशी सेलम येथे त्याची चार सहकाऱ्यांसह धर्मसेवेसाठी दीक्षाविधीने नेमणूक झाली आणि १९ फेब्रुवारीला हे दांपत्य ‘कॅरव्हॅन’ या जहाजातून कलकत्त्याला निघाले. तो तेवीस वर्षांचा होता, ती बावीस वर्षांची. त्याच जहाजावर सॅम्युअल न्यूएल आणि त्याची पत्नी हॅरिएट होती. हॅरिएट ॲनची शाळेपासूनची परिचित. दीक्षा घेतलेल्या त्या पाच जणांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे दुसऱ्या जहाजाने आले व फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ त्यांच्यापासून होतो. पुढे न्यूएलही मुंबईला आला आणि १८२१ साली तेथेच पटकीने वारला. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला प्रवासात त्याच रोगाने गेला. मराठी मिशनरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला रंगूनची ही पत्रे परकी वाटू नयेत ती या कारणाने : ती एकाच प्रसंगातून फुटलेली दुसरी फांदी आहे.

‘कॅरव्हॅन’वरचा प्रवास चार महिन्यांचा होता, आणि त्या प्रवासातच दांपत्याच्या ‘आम्ही’ला पहिला तडा गेला. लहान बालकांना बाप्तिस्मा देणे शास्त्रसंमत आहे की नाही, या प्रश्नाचा अभ्यास करता करता अ‍ॅडोनिरमचे मत बदलू लागले. ॲनने नंतर मायदेशी लिहिलेल्या पत्रांत आपली भूमिका स्पष्ट सांगितली आहे : ती विरुद्ध बाजूने वाद घालत राहिली आणि नवरा बॅप्टिस्ट झाला तरी आपण होणार नाही, असेही तिने त्याला सांगितले. मग तिने स्वतः ग्रंथ धुंडाळले, आणि ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात दोघांनीही नवा बाप्तिस्मा घेतला. निवेदनाच्या दृष्टीने हा प्रसंग महत्त्वाचा आहे, कारण येथे ‘आम्ही’ फुटून ‘तो’ आणि ‘मी’ असे दोन वेगळे कर्ते वाक्यात उभे राहतात, आणि मग पुन्हा एकत्र येतात. ती एकजूट आता गृहीत धरलेली नाही, वादातून कमावलेली आहे. मराठी वाचकाला येथे ‘स्मृतिचित्रे’ आठवणे अपरिहार्य आहे. तेथेही पती आधी मत बदलतो आणि पत्नी विरोधात उभी राहते. पण टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षे ही त्या ग्रंथाची जखमही आहे आणि त्याचे ऐश्वर्यही. ॲनच्या वाट्याला आलेला तिढा काही महिन्यांत सुटला, म्हणून तिच्या गद्यात तो काही परिच्छेदांतच सामावला. दोघींनीही लेखनात नवऱ्याचा उल्लेख आडनावाने केला, हे साम्य लहान असले तरी नोंदवावे असे आहे. ‘टिळक’ या उच्चारात मात्र जी थट्टा, जो राग आणि जे प्रेम एकाच वेळी मावते, ते ‘मिस्टर जडसन’मध्ये मावत नाही, न्यू इंग्लंडच्या शिष्टाचाराने ती वाट आधीच बंद केली होती.

मतांतराची किंमत तत्काळ चुकती करावी लागली. ज्या मंडळाने त्यांना पाठवले होते त्याच्याशी संबंध तुटला, आणि सोबत आलेले मित्र आता वेगळ्या पंथाचे झाले. तशात ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना हिंदुस्थानात राहू दिले नाही. मॉरिशसला जाऊन पोहोचावे तो हॅरिएट न्यूएल तेथे वारलेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. तेथून मद्रास, आणि मद्रासहून मिळाले ते जहाज रंगूनचे. या प्रवासात ॲनचे पहिले मूल मृत जन्माला आले. १३ जुलै १८१३ रोजी ते रंगूनला उतरले तेव्हा त्यांच्या ‘आम्ही’त फक्त दोन माणसे उरली होती. ज्यांना पत्रे लिहायची ते वाचक वर्षभराच्या अंतरावर होते, आणि ज्यांच्यासाठी आलो त्यांची भाषा येत नव्हती.

हॅरिएटचे उदाहरण येथे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. तिने कोणत्याही मिशनक्षेत्रात काम केले नाही. क्षेत्र ठरण्यापूर्वीच ती गेली. तरीही १८१४ साली तिची रोजनिशी आणि पत्रे लेनर्ड वुड्सच्या प्रवचनासह प्रसिद्ध झाली, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि अमेरिकन घराघरांतून ती वाचली गेली. म्हणजे मिशनरी पत्नी ही व्यक्तिरेखा प्रत्यक्ष कार्याच्या आधी वाङ्मयात सिद्ध झाली. पुढे जी कोणी स्त्री परदेशातून पत्र लिहिणार, तिच्या पत्राचा साचा आधीच ठरलेला होता : निरोप, समुद्र, आजार, बालकाचा मृत्यू, ईश्वरेच्छेचा स्वीकार. ॲनची पत्रे या साच्यात लिहिली गेली आहेत. म्हणून त्यांत साचा किती आहे हे मोजण्यापेक्षा तो कुठे उसवतो हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

तो प्रथम उसवतो भाषेपाशी. रंगूनमध्ये त्यांना मिळालेल्या शिक्षकाला इंग्रजी येत नव्हते. इंग्रजीतून ब्रह्मी शिकण्यासाठी पुरेसे व्याकरण वा कोश हाताशी नव्हते. वस्तू दाखवायची, तिचे नाव ऐकायचे, ते म्हणायचे, अशी शिकवणी सुरू झाली. एका स्त्रीला शिकवण्यात वेळ घालवणे त्या शिक्षकाला आधी पटेना. नवरा तिच्या अभ्यासाला आपल्याइतकेच महत्त्व देतो हे दिसल्यावर तो वळला. ॲनने हे किंचित मिस्कीलपणे सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचे तिचे दुसरे निरीक्षण. घर चालवणे तिच्याकडे असल्यामुळे नोकर, बाजार, शेजारणी यांच्याशी तिला दिवसभर बोलावे लागे, त्यामुळे बोलण्यात ती नवऱ्याच्या पुढे गेली. तो ग्रंथांची भाषा आणि तिची रचना तिच्याहून खोल शिकला. एकाच घरात दोन भाषा शिकल्या जात होत्या असे म्हणायला हरकत नाही : एक पाली शब्दांनी जडावलेली, पोथ्यांची, दुसरी स्वयंपाकघराची. ब्रह्मी बायबलचा, कोशाचा आणि व्याकरणाचा इतिहास अ‍ॅडोनिरमच्या नावाने लिहिला जातो आणि ते योग्यच आहे; बायबलचे भाषांतर त्याने १८३४ मध्ये पुरे केले. परंतु दानिएल आणि योना ही पुस्तके ब्रह्मीत आणण्याचे काम ॲनने केले होते. रंगूनमधल्या सयामी लोकांसाठी ती सयामीही शिकली आणि तिने त्या भाषेत आणलेली प्रश्नोत्तरी १८१९ साली श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली गेली. ‘पत्नीचे साहाय्य’ या शब्दप्रयोगात हे बसत नाही.

दुसऱ्यांदा साचा उसवतो तो मृत्यूपाशी, आणि हा या पत्रांतला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. सप्टेंबर १८१५ मध्ये जन्मलेला मुलगा रॉजर आठ महिन्यांचा होऊन मे १८१६ मध्ये तापाने गेला. ॲनने घरी लिहिलेल्या पत्रात अपेक्षित ते सर्व आहे. शोक, आपण मुलात फार गुंतलो होतो ही कबुली, देवाच्या हाताचा स्वीकार. येथपर्यंत ‘आम्ही’ म्हणजे आई आणि बाप, आणि थोडे पुढे गेल्यावर दूरचा ख्रिस्ती वाचकही त्यात सामील, म्हणजे ‘आपण’. मग पत्रात अनपेक्षितपणे एक तिसरी व्यक्ती येते. रंगूनच्या सुभेदाराची पत्नी मोठ्या लवाजम्यासह समाचाराला येते, छाती पिटून घेते आणि ॲनला विचारते, की मला कळवले का नाही, मी अंत्यविधीला आले असते. ॲन हे सांगते आणि पुढे जाते. त्या बाईने नंतर त्यांना मन रमावे म्हणून हत्तीवरून उद्यानात नेले, त्याचेही वर्णन करते. पण ‘मला कळवले का नाही’ हा प्रश्न कोणत्या नात्याचा आहे हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. सुतक ज्याला लागते, कळवण्याचा हक्क ज्याला असतो, तोच असे विचारतो. ज्यांना ‘ते’ म्हणून संबोधून ही संहिता उभी राहिली, त्यांच्यातली एक स्त्री स्वतःहून ‘आपण’मध्ये पाऊल टाकते, तेही धर्मांतराच्या दारातून नव्हे, दुःखाच्या दारातून. निवेदकाला या पावलाचे काय करावे ते कळत नाही. त्या बाईच्या आत्म्याविषयी चिंता व्यक्त करून निवेदन पूर्वपदावर येते. प्रसंग मात्र नोंदला गेला आहे. तो नोंदण्याची गरज साच्याला नव्हती, म्हणूनच ती ॲनची म्हणून लक्षात घ्यावी लागते.

मंडळी स्थापन होण्याला तुलनेने कमी जागा पुरेल, कारण मिशनच्या इतिहासांनी ती भरपूर दिली आहे. रंगूनला आल्यावर पहिला बाप्तिस्मा होईपर्यंत सहा वर्षे गेली. १८१९ च्या वसंतात पॅगोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी एक ‘झयात’ बांधला. वाटसरूंनी टेकावे, चार शब्द ऐकावेत, अशी त्या देशातली धर्मशाळा. देशी वास्तुरूप घेऊन त्यात परका धर्म सांगणे ही युक्ती होती आणि ती लागू पडली. पुढच्या पडवीत अ‍ॅडोनिरम बसे, आणि ॲनची बायकांसाठी वेगळी बैठक असे. २७ जून १८१९ रोजी मौंग नाऊ या पहिल्या ब्रह्मी माणसाचा बाप्तिस्मा झाला. १८२२ पर्यंत अशा अठरा व्यक्ती झाल्या. अ‍ॅडोनिरमची रोजनिशी या काळात माणसांची बनत जाते : आज कोण आला, काय विचारले, केव्हा घाबरला, कधी परत आला नाही. धर्मांतर करणाऱ्याला प्राणाचे भय होते. नव्या राजाकडे धर्मसहिष्णुतेची याचना करायला अ‍ॅडोनिरम १८२० च्या आरंभी राजधानीला जाऊन रिकाम्या हाती परतला होता. अशा स्थितीत तो घाबरलेल्या माणसांना मोकळे करतो आणि तीच माणसे मोकळीक नाकारतात. रोजनिशीतला ‘आपण’ हा शब्द येथे पहिल्यांदा ब्रह्मी माणसांनी भरला जातो, आणि तो त्यांनी भरलेला आहे.

उलट, ॲनच्या लेखनातला सर्वांत दुबळा भाग याच यशानंतरचा आहे. यकृताच्या विकाराने ती १८२१ मध्ये उपचारासाठी निघाली, इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेली, आणि १८२३ मध्ये ब्रह्मी मिशनचा वृत्तांत तिने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याचे रूप पत्रमालेचे आहे. लंडनमध्ये ज्यांच्या घरी तिचा मुक्काम होता त्या जोसेफ बटरवर्थ या खासदारांना उद्देशून ती पत्रे आहेत. पत्र हा प्रकार येथे केवळ बाह्य वेष उरतो, कारण खरा वाचक निधी देणारा समाज आहे. अमेरिकेतील स्त्रियांना उद्देशून तिने केलेल्या आवाहनात पूर्वेकडच्या स्त्रिया एकजात अज्ञानाच्या अंधारात बुडालेल्या दिसतात. समाचाराला आलेली सुभेदारीण, बैठकीत वाद घालणाऱ्या बायका, बाजारात भाव करणाऱ्या शेजारणी, या सर्व जणी एका विशेषणात विरघळतात. वसाहतोत्तर समीक्षेचे आक्षेप या पानांना पुरेपूर लागू आहेत आणि ते सौम्य करण्याचे कारण नाही. येथला ‘आपण’ इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला जितका जवळ घेतो तितकाच ब्रह्मी माणसाला बाहेर ठेवतो. मात्र या पानांवरून सर्व पत्रांचा निकाल लावणे म्हणजे वक्त्याच्या भाषणावरून त्याच्या घरातल्या बोलण्याचा निकाल लावण्यासारखे आहे. एकच लेखक दोन संबोधितांसमोर दोन निवेदक होतो, ही गोष्ट कथनमीमांसेत आता प्राथमिक मानली जाते. मिशनरी संहितांच्या बाबतीत ती विसरली का जावी, हे कळत नाही.

डिसेंबर १८२३ मध्ये ती रंगूनला परतली आणि लगेच दोघे राजधानी आवा येथे गेले. काही महिन्यांत इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झाले. ८ जून १८२४ रोजी अ‍ॅडोनिरमला दोरांनी आवळून तुरुंगात नेण्यात आले. यानंतरच्या काळाचे मुख्य कथन एका दीर्घ पत्रात आहे. २६ मे १८२६ या तारखेचे, दीर एल्नॅथन यांना लिहिलेले. ॲनच्या साऱ्या लेखनात हे पत्र वेगळे उठून दिसते आणि त्याचे कारण व्याकरणातही शोधता येते. ‘आम्ही’तला एक जण बेड्यांत आहे. वाक्याला कर्ता हवा आणि तो आता ‘मी’ शिवाय दुसरा असू शकत नाही. मी गेले, मी विनवले, मी चांदी दिली, मला हाकलले, मी पुन्हा गेले. विशेषणे गळून पडतात. धर्मपर चिंतनाची वाक्ये आखूड होतात. आधीच्या पत्रांत अनुभवानंतर लगेच त्याचा अर्थ येत असे. या पत्रात अर्थ उशिरा येतो, कधी येतच नाही.

या पत्रातली एक नोंद साऱ्या चर्चेच्या मध्यभागी ठेवावी लागते. नवऱ्याला नेल्यानंतर चौकशीला अधिकारी येणार हे ओळखून ॲनने आपली पत्रे, रोजनिश्या आणि सगळे लेखन नष्ट केले. इंग्लंडमध्ये आपले पत्रव्यवहारी आहेत आणि या देशात आल्यापासूनची प्रत्येक घटना आपण टिपून ठेवली आहे, हे उघड होऊ नये म्हणून. म्हणजे आपले लेखन परक्या सत्तेच्या दृष्टीने हेरगिरीचे दप्तर ठरू शकते हे लेखिकेला त्या क्षणी पूर्ण उमगले होते. वसाहतोत्तर समीक्षकाने दीडशे वर्षांनी काढलेला निष्कर्ष तिच्या डोळ्यांसमोर धोक्याच्या रूपात उभा होता. दरबाराचा संशयही सरळ होता : कलकत्त्याच्या इंग्रज व्यापाऱ्यांमार्फत ज्यांचे पैसे येतात ते इंग्रजांचेच. आम्ही अमेरिकन आहोत, इंग्रज नव्हे, हे दांपत्याचे म्हणणे खरे होते आणि निरुपयोगीही. त्यांच्या ‘आम्ही’ची सीमा आता दुसरेच कोणी आखत होते. शेवटी यांदाबूच्या तहाच्या वाटाघाटींत अ‍ॅडोनिरम दुभाष्या झाला, आणि सुटकेनंतर हे दांपत्य इंग्रजांच्या नव्या मुलखात, अ‍ॅम्हर्स्ट येथे राहायला गेले. दरबाराचे वाचन अन्यायाचे होते. ते अगदीच निराधार होते असे म्हणवत नाही.

त्याच काळात दुसरे एक हस्तलिखित वाचवले जात होते. अ‍ॅडोनिरमच्या ब्रह्मी नव्या कराराची प्रत ॲनने आधी जमिनीत पुरली, मग ओलीच्या भयाने एका ओबडधोबड उशीत शिवून तुरुंगात पोहोचवली. कोणा पहारेकऱ्याला ती घ्यावीशी वाटू नये इतकी ती कठीण आणि कुरूप होती. कैद्यांना आंगबिनले येथे हलवताना ती उशी फेकली गेली आणि मौंग इंग या ब्रह्मी ख्रिस्ती माणसाने आठवण म्हणून ती उचलून घरी नेली. आतले कागद पुढे सुखरूप सापडले. या दोन हस्तलिखितांची गती शेजारी शेजारी ठेवली की पतीचे लेखन वाचले, पत्नीचे गेले, असे एक सोपे स्त्रीवादी सूत्र हाती येते. ते पूर्ण खरे नाही. कराराची प्रत हे तिच्याही कष्टांचे फळ होते आणि स्वतःच्या रोजनिश्या तिने स्वतः संपवल्या. मात्र जे उरले त्याचे स्वरूप यातून ठरले, हे निर्विवाद आहे. १८२९ साली जेम्स नोल्स या बॉस्टनच्या धर्मोपदेशकाने ॲनचे जे चरित्र सिद्ध केले, ते तिने इतरांना पाठवलेल्या कागदांवर मुख्यतः आधारलेले आहे. स्वतःसाठी लिहिलेली ॲन आवा येथे नष्ट झाली. दुसऱ्यांसाठी लिहिलेली उरली. त्या चरित्रात केवळ धर्मभाव आढळतो अशी तक्रार करणाऱ्या समीक्षकाने ही गोष्ट आधी हिशेबात घ्यावी.

कैदेच्या पत्रात ब्रह्मी माणसे पुन्हा एकेकटी दिसू लागतात, हे अधोरेखित करण्याजोगे आहे. १८२३ च्या ग्रंथात विरघळलेले चेहरे येथे परत येतात, कारण आता त्यांच्यावर तिचे जगणे अवलंबून आहे. राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचा अधिकारी तिला सांगतो, की गोऱ्या कैद्यांना गुपचूप मारून टाकण्याची आज्ञा आपल्याला तीनदा झाली आणि आपण ती पाळली नाही. हे सांगताना तो रडतो. याच काळात ती ब्रह्मी पोशाख करू लागली. हेन्री गाउगर या सहकैद्याने १८६० च्या आपल्या आठवणींत त्या पोशाखाचे वर्णन केले आहे. जानेवारी १८२५ मध्ये जन्मलेली मुलगी मरिआ कुशीत घेऊन ती तुरुंगाच्या दारी जाई. आंगबिनले येथे आजाराने ती अंथरुणाला खिळली, दूध आटले, तेव्हा अ‍ॅडोनिरम पहारेकऱ्यांना काही देऊन बेड्यांसह बाहेर पडे आणि गावातल्या लेकुरवाळ्या बायकांकडे त्या मुलीसाठी दूध मागत फिरे. मंडळी रुजवायला आलेल्या माणसाचे मूल त्या गावातल्या अनाम आयांनी पाजले. पत्रात या बायकांची नावे नाहीत. ‘आपण’ हा शब्द इतका अक्षरशः क्वचितच वापरला गेला असेल, आणि तो संहितेत लिहिलेला नाही.

जे तिने लिहिले नाही त्याचाही एक भाग नंतरच्या चरित्रांनी पुरवला. तुरुंगातल्या नवऱ्यासाठी तिने म्हशीचे मांस आणि केळी वापरून न्यू इंग्लंडच्या घरी होणारे, आत गोडसर खिमा भरलेले पक्वान्न केले, ते पाहून त्याला रडू आले आणि त्याने ते न खाता सोबत्याला देऊन टाकले, ही हकीकत पुढच्या चरित्रांतून येते. तिच्या पत्रात ती नाही. दीराला लिहिताना ती सांगावीशी वाटली नसावी. अ‍ॅडोनिरमनेही पुढे खिन्नतेच्या काळात आपल्या कागदांपैकी बरेच नाहीसे केले. त्यामुळे या दांपत्याचे जीवन म्हणून जे वाचले जाते ते दोघांनीही स्वतःला पुसत नेल्यानंतर उरलेले आहे. त्याची तिसरी पत्नी एमिली चबक ही ‘फॅनी फॉरेस्टर’ या नावाने लिहिणारी लोकप्रिय लेखिका होती. तिने दुसऱ्या पत्नीचे, सेरा बोर्डमनचे, चरित्र लिहिले. ही स्वतंत्र लेखाची सामग्री आहे.

ॲन २४ ऑक्टोबर १८२६ रोजी अ‍ॅम्हर्स्ट येथे वारली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. अ‍ॅडोनिरम त्या वेळी इंग्रज वकिलातीबरोबर आवा येथे होता. काळ्या लाखेने बंद केलेले पत्र हाती आले तेव्हा मुलगी गेली असावी असे त्याला आधी वाटले. ती सहा महिन्यांनी गेली. शेवटच्या दिवसांविषयी त्याने जे लिहिले ते शेजारच्यांकडून ऐकून. त्यात एक तपशील आहे. अखेरच्या वेळी ती फारसे बोलत नव्हती, आणि प्राण जाताना वेदनेचा जो एक उद्गार तिच्या तोंडून निघाला तो ब्रह्मी भाषेत होता. तो शब्द कोणता, हे त्याने नोंदवलेले नाही.